कलम तेरा

उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे,
मी एलएल.एम. झालो, वकील झालो नाही.
चहाच्या गाड्यावरचा दस्तगीर अजून विचारतो,
"कोट शिवून आला काय?"
आणि अर्धा कप पुढं सरकवतो.

सनद नाही. कोट नाही.
दारावर पाटी आहे ती आप्पांची,
मेस्त्री पॅटर्न वर्क्स,
खाली सहा आकडी फोन नंबर
जो आता कुठंच लागत नाही.

दोन वर्षं केएमटीनं विद्यापीठात गेलो.
ग्रंथालयाच्या मागं मोर ओरडायचे
आणि मी आत वाचत बसायचो
की "आणि"चा "किंवा" कधी होतो,
एका स्वल्पविरामानं कुणाची जमीन जाते,
"परंतु असे की" म्हटल्यावर
आधीचं अख्खं वाक्य
चपला घालून कसं उठतं.

मला हे आवडलं.
एवढंच कारण.
अर्जात त्याला रकाना नव्हता.

आप्पा सागवान तासतात तेव्हा
पॅटर्न मापापेक्षा जरा मोठा ठेवतात.
लोखंड निवताना आकसतं,
त्याची सूट आधीच लाकडात धरायची.
मी म्हणालो, आप्पा, कायदापण असाच लिहितात,
माणसात ओतला की आकसतो.
रंध्यावरचा हात न थांबवता म्हणाले,
"मग सूट किती धरत्यात?"

दीडशे पानं, चारशे अकरा तळटीपा.
हा प्रश्न माझ्या प्रबंधात नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याहून सर आले होते.
मी सुरू केलं,
"तिसऱ्या प्रकरणात मी या निष्कर्षाला आलो..."
"आले," सर म्हणाले.
मी दाराकडं बघितलं. कुणीच नव्हतं.
"आलो नव्हे. आले म्हणा. बाई आहात तुम्ही."

आता त्यांना काय सांगायचं?
की माझी आई "येतो गं" म्हणून बाजारला जाते,
शेजारची काकी "जेवलो" म्हणून ताट उचलते,
थोरली आत्ती सीपीआरच्या कॉटवर
"दमलो बघ" म्हणून भिंतीकडं वळली ती वळलीच.
तेव्हा कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

मी म्हणालो, "सर, जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम तेरा.
पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात."
"संदर्भ आड येत नसेल तर,"
सरांनी चष्मा पुसत अट घातली. अट बरोबर होती.
"संदर्भ कोल्हापूर आहे, सर."

ते हसले. मार्क बेतानंच दिले.

मागं सर्किट बेंच आलं, चौकात पेढे वाटले.
मावसभाऊ म्हणाला, आता तरी सनद घे,
मुंबईचं भाडं वाचलं.
मी पेढा खाल्ला.
गुळगुळीत होता, साखर जरा जास्त.

काल कोअर शॉपमधली हौसाक्का आली,
कंत्राटाचा कागद पिशवीत चौघडी घालून.
मी सगळा वाचून दाखवला.
पाचव्या अटीतल्या "परंतु"वर बोट ठेवलं,
आणि बोट तिथंच राहू दिलं
तिला दिसेपर्यंत.
तिला दिसलं. ओठ आवळून बसली.
"पुढं वकिलाकडं जा," मी म्हणालो,
"कसबा बावड्याला एक बाई आहेत, चांगल्या आहेत."
"आणि तू?"
"मी वकील नाही, आक्का."
"मग एवढं शिकून झालीस तरी काय?"

वर फळीवर आप्पांचे जुने पॅटर्न होते,
पंपाचे, चाकाचे, कशाचे ते आता आठवत नाही असे,
वाळूत दाबून, उचलून, झटकून
परत जागेवर ठेवलेले.
एकाच्या पोकळीत चिमणीनं काड्या आणल्या होत्या.

मी खिडकीतनं दस्तगीरला हाक मारली.
"दोन पाठव रे. मघापासनं वाचत बसलो,
घसा कोरडा पडला."